एक वाजून अकरा मिनिटांनी

कल्पना करा, तुम्ही एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बसला आहात. खिडकीबाहेर रांग लागलीय आणि आत एकच कॉम्प्युटर. नर्स धापा टाकत येते, "सात नंबरचा जुना रिपोर्ट हवाय, माझा पासवर्ड चालेना!" काय कराल? स्वतःचा सांगून मोकळे व्हाल.

रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या ताईंनी तेच केलं होतं. एकदा नाही, अकरा वर्षं. त्यांचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला असे आणि अख्खा दवाखाना ताईंच्या नावावर काम उरकत असे. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, ताईंना तर मुळीच नाही.

मग एका सोमवारी एक शिक्षिका खिडकीशी आली. तिला आकडी येते, हे तिच्या शाळेला कळलं होतं. तिला वर्गावरून काढून ऑफिसात बसवलं होतं.

"ताई, मी हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. इथूनच गेलं ना बाहेर?"

ताईंनी तिची फाइल उघडली. कोणती फाइल कोणी, कधी पाहिली, याची नोंद मशीन ठेवतं. गेल्या गुरुवारी, दुपारी एक वाजून अकरा मिनिटांनी. पुढे नाव होतं ताईंचं. त्या वेळी ताई मागच्या जिन्यात डबा खात होत्या.

मंगळवारी सकाळीच त्या नोंदीचा कागद घेऊन त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "अहो, दीड वर्षात तुम्ही निवृत्त होणार. कशाला विस्तवात हात घालता? बाईंची समजूत काढू, घरातल्या घरात मिटवू."

"ती बाई आपल्या घरातली नाही, डॉक्टर. माहिती फुटली तर पेशंटला आणि वरच्या कार्यालयाला तीन दिवसांत लेखी कळवायचं, असा कायदा आहे. त्यातला एक दिवस गेला."

"नाव तुमचंच येईल."

"येऊ दे. माझंच तर आहे ते."

वरच्या कार्यालयाला पाठवायच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: मी माझा पासवर्ड सर्वांना वापरू दिला. दोन ओळी, खाडाखोड नाही. आठवड्याभरात लेखी ताकीद आली, सव्वीस वर्षांतली पहिली. ताईंनी ती तारखेप्रमाणे स्वतःच्याच फाइलला लावली.

मग त्यांनी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड करायला लावला. कुणी विसरलं की अर्ज लिहून घ्यायच्या. खुर्चीतून उठलं की स्क्रीन बंद.

"पाणी प्यायला जातानाही कुलूप?" नर्सनं टोमणा मारला. "आमच्यावर एवढा संशय?"

"माझ्यापासून सुरुवात केलीय, बाई. तू रांगेत दुसरी."

नर्स हसली, पण अर्ज तिनं लिहून दिला.

माहिती फुटल्याचं लेखी पत्र घ्यायला शिक्षिका त्या बुधवारीच, मुदतीच्या आत, आली होती. ते दाखवून शाळेशी भांडणार होती. खिडकीशीच उभं राहून तिनं ते दोनदा वाचलं.

"यात सगळं आहे, ताई. फक्त ते कोण होतं, तेवढंच नाही."

 ताई अजूनही दीडच्या ठोक्याला डबा आटपून परत येतात. रोजचेच चेहरे खिडकीतून हाक मारतात, हसतात, फाइल मागतात. आणि खुर्ची पुढे ओढताना ताईंच्या मनात रोज तेच येतं: त्या गुरुवारी या खुर्चीवर कोण बसलं होतं?