रफीकभाईंची शेवटची गाडी

इंजिन चालू ठेवायचं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. नांदुऱ्याच्या रफीकभाईंची तपासणी अशी असे. तेवढा वेळ गॅरेजात कोणी खोकलेलंसुद्धा त्यांना खपत नसे. ते एकाच देशी कंपनीच्या गाड्या दुरुस्त करत. दुसऱ्या कंपनीची गाडी आली, तर मालकाला पाणी पाजून पुढचा रस्ता दाखवत.

माझ्याकडे तीच देशी गाडी होती. शिवाय मी अर्थशास्त्राचा मास्तर, त्यामुळे मतांना तोटा नव्हता. कंपनी डबघाईला आली आणि सरकारनं तिला पैसा द्यावा की नाही, यावरून आमची रोज जुंपू लागली. मी म्हणे, लोकांनी जी गाडी घ्यायची सोडली, ती लोकांच्याच करातून का जगवायची? रफीकभाई शांतपणे म्हणत, "सर, बिमार माणसाले कोणी घराबाहेर काढते का?"

त्याच सुमारास अकोल्याहून त्यांचा धाकटा भाऊ आला. माझ्या गॅरेजात चला, नव्या गाड्यांचं काम शिका, म्हणाला. रफीकभाई हो म्हणणार, तोच सरकारनं मदत जाहीर केली. त्यांनी अख्ख्या गल्लीत जिलेबी वाटली आणि भावाला परत पाठवलं. कंपनीनं त्या पैशावर जुनीच गाडी नव्या रंगात काही वर्षं विकली. मग कुलूप लागलं.

मी जिंकलो होतो, पण बोलायची सोय नव्हती. एकेकानं गाड्या विकल्या, माझी तेवढी उरली. मीही विकली तर हा माणूस दिवसभर करील काय, म्हणून ठेवली. पार्ट मिळेनात, तरी रफीकभाई कुठून तरी आणून बसवत. एकदा हात धुवायला त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. त्यांची स्वतःची गाडी तिथं विटांवर उभी होती. चाकं नव्हती, बॉनेटखाली फारसं काही उरलं नव्हतं. ते सगळं माझ्या गाडीत आलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन म्हणालो, गाडी काढून टाकतो आता. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"टाका, सर. तुमाले सोडून कसा जाऊ, म्हून मी भावाले अजून दोनदा नाही म्हटलं."

मी कोणासाठी थांबलो होतो, ते त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

भंगारवाला आला त्या दिवशी त्यांनी गाडी सुरू केली, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "आवाज चांगला हाय," म्हणाले, आणि चावी त्यांनीच बंद केली.