आधी गाठोडं निघालं

यशोदे, तू धाकटी सून म्हणून घरात आलीस त्याआधीची गोष्ट. देऊळघाटहून आम्ही एकदम नाही निघालो, आधी गाठोडं निघालं. जोशीबुवांनी मुहूर्त दिला, पण तुझ्या भाऊजींची मास्तरकी सुटायला वेळ होता. म्हणून रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवलं. यांचं धोतर, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून मुहूर्तावर गावच्या शेवटच्या घरी, करीमभाई तांबोळ्यांच्या ओसरीत नेऊन दिलं. तेवढं झालं की माणूस निघाला असं धरतात, मागून सवडीनं गेला तरी चालतं.

हे गणिताचे मास्तर, सारं गाव यांचा सल्ला घ्यायचं. पण नागपूरच्या सरकारी कचेरीतली नोकरी आली तेव्हा यांचं डोकंच चालेना. कारणं सगळी मी सांगत होते. आमची कुसुम चौथी झाली, पुढं पोरींचं हायस्कूल हवं, ते नागपुरात आहे. हे "बरोबर हाय तुह्यं" म्हणायचे आणि उठून गोठ्यात जायचे. बैलाच्या पाठीवर हात फिरवत बसायचे. मला तर वीट आला होता.

मास्तरकी सुटली तरी निघेनात. आज तूर काढायची, उद्या पाहुणे. करीमभाई भेटले की विचारायचे, "मास्तर, गठडी तर निघाली, तुमी कधी निघून राह्यले?" शेवटी एका सकाळी हे म्हणाले, "गाठोडं परत घेऊन येतो." सासूबाई चुलीपुढून न उठता बोलल्या, "प्रस्थान माघारी आनत नसतात, बाबू." झालं. माझ्या इतक्या कारणांनी जे झालं नाही ते तेवढ्यानं झालं. मलकापूरला गाडीत बसलो आणि हे मलाच मुलींच्या शाळेचे फायदे समजावू लागले, जसे काही यांनीच शोधून काढले. मी हो हो म्हणत राहिले.

कुसुम शिकली, मॅट्रिक झाली आणि नांदायला जबलपूरला गेली. ज्या कारणासाठी आलो ते कारणच घरातून गेलं. आता यांना पेन्शन लागली. रोज ताटावर बसले की देऊळघाटला परत जाऊ म्हणून सुरू होतात. तिकडं हवा कोरडी, विहिरीला पाणी, भाऊ आहे, तू आहेस, इथं नळावरची भांडणं आणि भाड्याचं बिऱ्हाड. सगळं खरं आहे गं. तरी मी नाहीच म्हणते.

परवा यांनी विचारलं, "मंग काऊन नाही म्हन्तं?"

मी म्हटलं, "शाळा सुटायच्या वेळी मी अजून दारात जाऊन उभी राह्यतो. देऊळघाटच्या दारात उभं राहून कोनाची वाट पाहू?"

काल त्या वेळेला हेही येऊन उंबऱ्यावर बसले. तेव्हा तिकडच्या घरात आमची म्हणून राखलेली खोली तू तुझ्या येणाऱ्या सुनेला दे.