एका साडीचा ब्लाऊजपीस

सिनेमा काढणाऱ्यांनी तिकीट काढून आलेल्या आम्हा सगळ्यांना फसवलं, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईनं मला फसवलं. पहिल्या फसवणुकीचा राग दिवाळीपर्यंत टिकला. दुसरीचा अजून आहे.

माझं साकोलीला साड्यांचं दुकान आहे. हातमागाच्या साड्या, सुती आणि टसर. मी बपेऱ्याच्या ढिवराघरची. बाप नदीत जाळं टाकायचा, आई गावोगाव मासोळी विकायची. मासोळी दुपारनंतर कोणी घेत नाही, त्यामुळे भाव करताना आईला नेहमी घाई असायची आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक असायचं. मी तेव्हाच ठरवलं होतं की विकायची तर न नासणारी वस्तू विकायची. साड्यांचं गाठोडं घेऊन एसटीनं फिरले, मग हातगाडी, मग दुकान. मध्ये कोणी मदत केली असं मला आठवत नाही.

एक जण सोडून. ती दुकानाच्या दारापाशी शिलाई मशीन घेऊन बसते, फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. बारा वर्षं झाली. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. लग्न तिनंही केलं नाही, मीही नाही. का केलं नाही हे लोक आम्हाला विचारून दमले. आम्ही एकमेकींना मात्र कधी विचारलं नाही.

तिचा मोठा भाऊ आसगावला धानाची शेती करतो. माणूस सज्जन. राखीला तिच्याकडून राखी बांधून घेताना म्हणाला, घरामागं तुझ्यासाठी खोली बांधली आहे, दिवाळी झाली की टेम्पो घेऊन येतो आणि तुला मशीनसकट घेऊन जातो, म्हातारपणी परक्या घरी राहायचं नाही. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आणि मी? ज्या बाईला विणकर, दलाल, घरमालक सगळे टरकून असतात, तिला ‘जाऊ नको’ एवढं बोलता आलं नाही. समोरच्याला आपली गरज कळली की भाव गेला, हे मी आईच्या टोपलीपाशी शिकले होते.

त्याच सुमारास मोहाडीकडच्या माझ्या विणकराशी माझं भांडण झालं. त्याच्याकडून मी स्वतःसाठी एक टसर घेतली होती, हळदीच्या रंगाची, करवती काठाची. म्हणजे काठावर करवतीसारखे दात असतात, आणि हाताने विणलेले असल्यामुळे एका मागाचे दात दुसऱ्याशी जुळत नाहीत. वीस वर्षांत मी या माणसाच्या साडीची घडी कधी उलगडून पाहिली नव्हती. साडी तिच्याकडून फॉल लावून आली आणि पाहते तर ब्लाऊजपीस गायब.

‘‘पीस होता का व यात?’’ मी तिला विचारलं.

‘‘नोता,’’ ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी विणकराला फोनवर जे बोलायचं ते बोलले. तो शपथा घेत राहिला. ती शेजारी काज करत बसली होती.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी माल पाहायला भंडाऱ्याला गेलो. काम लवकर आटोपलं, म्हणून दुपारच्या खेळाला बसलो. गाण्यांचा सिनेमा होता. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक मंडळीत दोघी जणी. एक गाते, दुसरी पेटी वाजवते. म्हणायला एक नायकही होता, पण तो बहुतेक गाण्यांत दुसऱ्या गावी असायचा. गाणारी ‘सजणा’ म्हणायची आणि पाहायची पेटीकडे. सूर चुकला की पेटीवाली तो आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे स्वतःच चुकल्यासारखं करायची. एका गाण्यात गाणारीला खोकला येतो आणि पेटीवाली तेच कडवं पेटीवर इतकं हळू वाजवते की माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं शेंगदाणे खायचे थांबवले.

आणि मग मला ते दिसलं. गाणारीच्या अंगावर हळदीच्या रंगाची करवती काठाची साडी, आणि ब्लाऊज साधं काळं. पुढच्या गाण्यात पेटीवालीच्या अंगावर पांढरी साडी, पण ब्लाऊज हळदीच्या रंगाचं, बाहीला तेच दात. हातानं रंगवलेल्या सुताचा रंग दोन भांड्यांत एकसारखा उतरत नाही. ते कापड एकाच साडीचं होतं. एकीची साडी, दुसरीचं ब्लाऊज. सिनेमात याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

शेवटच्या पंधरा मिनिटांत नायक परत आला, सोबत आपला मामेभाऊ घेऊन. दोघींचं लग्न एकाच मांडवात लागलं. दोघींच्या अंगावर मशीनवर विणलेलं चकचकीत कापड, नवं कोरं, एकमेकींशी काही संबंध नसलेलं.

परतीच्या एसटीत मी तापले होते. ‘‘त्या दोघींचं होतं,’’ मी म्हणाले. ‘‘अडीच तास दाखवलं आणि शेवटी नायकाच्या गळ्यात बांधलं.’’

‘‘मैतरणी होत्या त्या,’’ ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

‘‘मैतरणी? मैतरणीकडे असं पायते का कोणी?’’

‘‘तू कोणाले सांगून राहिली व? मले का कंडक्टरले?’’

कंडक्टर खरंच ऐकत होता. म्हणाला, ‘‘ताई, मीबी पायला तो पिक्चर. मामेभाऊ कुठून आला ते मलेबी नाई समजलं.’’

‘‘आणि ते ब्लाऊज?’’ मी तिला विचारलं. ‘‘त्या साडीचंच होतं ना?’’

‘‘माह्या ध्यानात नाई आलं,’’ ती म्हणाली. जी बाई रस्त्यानं जाणाऱ्या बाईची बाही पाहून शिंप्याचं नाव सांगते, तिच्या ध्यानात आलं नाही.

नंतर तो सिनेमा मोबाईलवर आला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती दोन गाणी लावायची, आवाज मोठा करून. नेहमीची एक म्हातारी गिऱ्हाईक माझ्यासोबत पाहायची. मी तिला पेटीवालीच्या बाहीवर थांबवून दाखवलं. म्हातारीनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘‘माही सोयरीक याच्याहून कमी पाहून जमवली होती व माय.’’ मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. दिवाळी जवळ येत होती. मी गाणं पुन्हा लावायची. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाऊ टेम्पो घेऊन आला. मी ती टसर नेसले होते, काळ्या ब्लाऊजवर, कारण निरोप द्यायचा तर चांगल्या कपड्यात द्यावा. चहा दिला आणि लगेच भांडायला सुरुवात केली. मशीन जड आहे, टेम्पोला दोर नाही, रस्त्यानं सुई तुटेल, आसगावात फॉल-पिकोला कोण येणार.

‘‘बाई, तुमी कायले तरास करून घेता,’’ भाऊ म्हणाला. ‘‘तिले विचारा ना.’’

ती आतून आली. पांढरी सुती साडी, आणि हळदीच्या रंगाचं ब्लाऊज. बाहीला करवतीचे दात. तिसऱ्या दातापाशी विणकराचा हात घसरलेला, जसा माझ्या काठावर घसरला आहे.

‘‘दोघींनं एकाच ठाणातून घेतलं वाटते,’’ भाऊ कौतुकानं म्हणाला.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘दादा, मी येत नाई. खोलीत धान ठेव. माह्या मशीनले इथलाच उजेड पायजे.’’

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग दुसरा चहा मागितला. जाताना म्हणाला, ‘‘संक्रांतीले या दोघी. वयनी वाट पायते.’’ टेम्पो रिकामा गेला.

नंतर मी त्या ब्लाऊजची शिवण पाहिली. नवं नव्हतं, बगलेत एकदा उसवून पुन्हा टीप घातलेली होती. म्हणजे राखीच्या वेळी बेतलं होतं, सिनेमाच्या आधी. विणकराची माफी मागायला मला मोहाडीला जावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची माफी मागितली, आणि तो इतका हसला की माग थांबवावा लागला.

तेव्हा आता उत्तर द्या. सिनेमावाल्यांनी सांगावं: ते ब्लाऊज बेतणाऱ्याला सगळं कळलं होतं, मग मांडव घालणाऱ्याला काय झालं होतं? आणि तू. विणकराला मी शिव्या देत होते तेव्हा तू काज करत होतीस. थेटरात शेजारी बसून सगळं पाहिलंस, एसटीत खिडकीबाहेर बघत ‘मैतरणी’ म्हणालीस, आणि आपल्या ट्रंकेत माझ्या साडीचं ब्लाऊज घडी करून ठेवलं होतंस. मला एवढे महिने काहून जाळलं? मशीन बंद कर आणि सांग.