दीड हंगामाचा क्लब

नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावात आम्ही बायकांनी फुटबॉल क्लब काढला होता. तो जेमतेम दीड हंगाम टिकला.

शनिवारी सकाळी मुलांच्या मॅचेस असायच्या आणि आम्ही मराठी आया मैदानाच्या कडेला कुडकुडत कॉफी प्यायचो. माझ्या शेजारच्या डच आजी नातवाला घेऊन यायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण सायकलवर ताठ. त्या लहान असताना मुलींना क्लबात घेतच नसत, भावाचे सामने त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिले होते. हे सांगून झाल्यावर त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कोणी अडवलंय?"

कोणीच अडवलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्या आमच्या कोच झाल्या.

आसपासच्या हौशी बायकांच्या टीम्सशी आम्ही खेळायचो आणि सपाटून हरायचो. आईचा स्कोअर शाळेत कळू नये म्हणून माझी लेक मला डचमध्ये विनवायची. आजी मात्र दर वेळी एवढंच म्हणायच्या, की आज मागच्यापेक्षा जास्त धावलात.

मग टीमला गळती लागली. एकीला आइंडहोवनला नोकरी मिळाली, एक पुण्याला परतली, एकीला दिवस गेले. शेवटच्या मॅचला एक खेळाडू कमीच पडली. मॅच सोडून द्यावी असं मी म्हणत होते, तोवर आजींनी पिशवीतून जादा शर्ट काढून अंगात घातला. समोरच्या टीमने हसत मान्य केलं.

गोलकीपर मी होते. फुटबॉलचं तंत्र मला कधीच जमलं नाही, पण शाळेत खो-खो खेळले होते. त्या दिवशी मी चिखलात सूर मारत राहिले आणि एकही बॉल आत जाऊ दिला नाही.

संपत आलं तेव्हा आमच्या एकीने मारलेला बॉल खांबाला लागून परत आला, नेमका आजींच्या पायाशी. त्या धावल्या नाहीत, गडबडल्या नाहीत. शांतपणे आत ढकलला.

आम्ही जिंकलो. पहिल्यांदा आणि शेवटचं. दोन्ही टीम्सनी आजींना गराडा घातला. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "भाऊ असायला हवा होता," एवढंच म्हणाल्या.

क्लब तिथेच संपला, पण हळहळ कोणालाच वाटली नाही. आजी तो चिखलाचा शर्ट घालूनच घरी निघाल्या. आम्ही सगळ्या सायकलींच्या घंटा वाजवत त्यांच्या मागे, आणि रस्त्यातले लोक थांबून बघत होते.