मावशींचं गाऱ्हाणं

लालबागच्या आमच्या ऑफिसात कोणी खिशातून काडेपेटी नुसती बाहेर काढली, तरी चहाच्या खोलीतून मावशींचा आवाज यायचा, "कोण तो? खाली जावा!" त्यांच्या नाकापुढे कोणाचं काही चालत नसे. एकदा आमचा सेल्सवाला नवा शर्ट घालून ऐटीत आला. मावशींनी दोन हातांवरून हुंगलं आणि निकाल दिला, "शर्ट हिंदमाता मार्केटचो, वास बिडीचो." बिचाऱ्याने घरी बिडी सोडल्याची शपथ घेतली होती. बातमी त्याच्या बायकोपर्यंत कशी पोचली देव जाणे, पण दिवाळीत मावशींना तिच्याकडून फराळाचा मोठा डबा आला.

मावशी घोडपदेवहून चालत यायच्या आणि दिवसभर चहा करायच्या. आमची कंपनी लोकांच्या ऑफिसांत एसी बसवायची. आमच्या स्वतःच्या एसीला मात्र एकच काम होतं, साहेबांच्या केबिनमधला धूर सर्वांना सारखा वाटून द्यायचा. केबिनच्या दारावर 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी होती. विचारलं तर साहेब म्हणत, "ती स्टाफसाठी आहे."

साहेबांची सिगारेट पेटलेली असली की मावशी आत पाऊल टाकत नसत. बाहेरच्या स्टुलावर कप ठेवून वर बशी झाकायच्या आणि ओरडायच्या, "चाय व्हयी तर ती इजवा!" साहेब मुकाट्याने विझवत. तसा चहा त्यांना लालबागमध्ये दुसरीकडे मिळाला नसता. चहा संपला की ते पुन्हा दुसरी पेटवत.

मावशींच्या या हट्टामागे त्यांचा खोकला होता. आधीच्या नोकरीत वीस वर्षं त्यांनी धुराने भरलेल्या खोल्यांत चहा नेला होता. "मी जन्मात एक झुरको मारूक नाय," त्या सांगायच्या, "आणि डॉक्टर माका इचारता, दिवसाक किती वढतंस?" मग स्वतःच खदखदून हसायच्या. हसता हसता खोकला सुरू व्हायचा आणि बराच वेळ थांबायचा नाही.

माझं टेबल केबिनच्या दाराला अगदी चिकटून होतं. मला पाचवा महिना लागला आणि शीवच्या डॉक्टरीणबाईंनी धुरापासून लांब राहायला बजावलं. मी साहेबांकडे जागा बदलून मागितली. "कुठे बसवू, गच्चीवर?" ते हसून म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता, पण त्यांना ते खरंच कळत नव्हतं. नोकरी सोडली तर घर कसं चालणार, आणि नाही सोडली तर बाळाचं काय? शेवटी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आणि फक्त मावशींना सांगितलं. "दसऱ्याची पूजा होवंदे," त्या म्हणाल्या. "देवाक सांगल्याशिवाय तो कागद भायर काढू नको."

साहेब मूळचे मालवणकडचे, त्यामुळे ऑफिसच्या पूजेत गाऱ्हाणं असायचंच. एकाने हातात नारळ घेऊन देवाकडे मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दरवर्षी गाऱ्हाणं घालणारे ड्रायव्हरकाका नेमके गावी गेले होते. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, असं कोणीतरी पुटपुटलं. "गाराणा घालूक गळो लागता, मिशी नाय," म्हणत मावशींनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांका सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"बंद पडलेली लिफ्ट सुरू कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या केबिनीतसून धूर भायर येता आणि माझ्या ह्या दोन जीवांच्या चेडवाच्या, लेकीच्या नाकात जाता. तो आजपासून ह्या उंबऱ्याच्या भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले, लहानपणापासूनची सवय. तोंडातून होकार गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. मावशींनी तेवढ्यात नारळ फोडलासुद्धा.

"मावशे, ह्यां काय केलंस?" ऑफिसात साहेब पहिल्यांदाच मालवणीत बोलले.

"मी खय काय केलंय? व्हय तुमीच म्हटलात."

आम्ही पोट धरधरून हसलो. माझा राजीनामा मावशींनी मागून घेतला आणि त्याच कागदात गुंडाळून मला प्रसादाचं खोबरं दिलं.

देवापुढे दिलेला शब्द मोडायची साहेबांची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारून पाहिलं, "उंबरो म्हणजे केबिनीचो मां?"

"बिल्डिंगेचो," मावशी म्हणाल्या.

लिफ्टच्या बाबतीत देवाने लक्ष घातलं नाही. चार मजले उतरचढ करून साहेबांच्या सिगारेटी महिन्याभरात निम्म्यावर आल्या. त्यांच्या ॲशट्रेत मी टाचण्या ठेवू लागले.

माझी लेक तीन वर्षांची झाली तेव्हा मावशी कायमच्या गावी निघाल्या. जिना आता चढवत नव्हता. निरोपाच्या दिवशी त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि खोकल्याने त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. साहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "दुसऱ्यांनी वढलेलो धूर हिच्या छातीत रवलो हा. त्यात माझोव वाटो आसा. तो भायर काढ रे म्हाराजा!"

त्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज माझा होता.