टेबलावरचे दात

"ताई, एक नेलपॉलिश द्या. रंग कोणताबी चालंल."

वडवणीच्या पेठेत माझं बांगड्यांचं दुकान आणि शेजारी हे मागणाऱ्या डॉक्टरांचा दातांचा दवाखाना. बायको वारलेला, पन्नाशी उलटलेला माणूस दर पंधरा दिवसांनी नेलपॉलिश नेतो म्हटल्यावर तुम्ही काय समजला असता? मीही तेच समजले. तोंड माझं फाटकंच. सरळ विचारलं, "डॉक्टर, कोणासाठी हो?"

"दातांसाठी," म्हणाले आणि मला आत घेऊन गेले.

टेबलावर उपटलेल्या दातांच्या रांगा. ते तर लग्नाचा बस्ता दाखवावा तसा एकेक दात दाखवत होते. काहींत चांदी भरलेली, काहींत पांढरं सिमेंट, काहींत लाइट मारून कडक करायचा मसाला. भरलेला दात ते आधी गरम पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, असा कितीतरी वेळा बुडवायचे. मग भरणीची कड तेवढी उघडी ठेवून बाकी सगळीकडं नेलपॉलिश लावायचे आणि दात निळ्या शाईत टाकायचे. दुसऱ्या दिवशी तो मधोमध कापून भिंगातून पाहायचे. कडेनं शाई जितकी आत शिरली, तितकी ती भरणी कच्ची.

"कुठवर गेलीय, बघा," म्हणत भिंग माझ्या हातात द्यायचे. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी सोडायचे नाहीत. मी चिडायचे आणि बघायचे.

हा सगळा उपद्व्याप ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी होता. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची गावंच्या गावं कारखान्याला निघतात, ती गुढीपाडव्यापर्यंत परतत नाहीत. तिकडं फडात दाढ सुजली की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. म्हणून बाया निघायच्या आधीच येऊन सांगायच्या, काढून टाका. वाचण्यासारखी दाढ असली तरी काढा. डॉक्टर भडकायचे. "दात काढायचा न्हाई, भरायचा!" हे त्यांचं पालुपद. सहा महिने टिकेल अशी भरणी त्यांना हवी होती. लाइटवाल्या मसाल्यात शाई सगळ्यात कमी शिरली, त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला. दातांचा डॉक्टर, आणि पेढा!

त्याच साली ती आली. पंचविशीची पोर, कारखान्याला निघायच्या आधी माझ्याकडं बांगड्या घ्यायला. गाल धरून बसली होती. पाळीनं खाडा पडतो म्हणून दोन वर्षांपूर्वीच गर्भाची पिशवी काढून घेतलेली. आता डावीकडच्या चार दाढा काढायच्या म्हणाली. "पिशवी काढली तवापासून तो ताप न्हाई बघा. दाढांचं बी तसंच करायचं."

मला ऐकवेना. मीच तिला दंडाला धरून शेजारी नेलं. डॉक्टरांनी तिला कापलेला दात दाखवला, समजावलं, सहा महिने काही होणार नाही असा शब्द दिला. चौकात टोळीचा ट्रॅक्टर उभा होता आणि नवरा सारखा दारात येऊन घाई करत होता. एका बैठकीत चारही दाढा भरल्या.

पाडव्यानंतर ती परतली. दवाखान्यात शिरताना दिसली म्हणून मी मागोमाग गेले. डाव्या बाजूला एकही दाढ नव्हती. भरण्या कडेनं झिरपल्या होत्या. संक्रांतीच्या आधीच गाल डोळ्यापर्यंत सुजला, आठ दिवस खाडा पडला. तिकडं कोणीतरी त्या चारही काढल्या, आणि पुन्हा कटकट नको म्हणून उरलेली चांगली दाढही तिनं सांगून काढून घेतली. हे सांगताना तिची तक्रार काहीच नव्हती. डॉक्टरांचं तोंड उतरलेलं बघून तीच त्यांची समजूत घालायला लागली. "तुमी कावून वाईट वाटून घेता? आता लई बरं हाय. दुखायला काय राह्यलंच न्हाई."

ती गेल्यावर डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. "टेबलावरच्या दाताला थुंकी नसते, ताई," ते म्हणाले. "हिरडीचं रक्त नसतं. तो मसाला कोरड्यातच धरतो. मला ठाऊक होतं, तरी मी घाई केली. सिमेंटनं ओल्यात जरा तरी तग धरला असता."

मला त्यांचा राग आला. माझा त्याहून जास्त आला. दंडाला धरून मीच नेलं होतं की!

त्यानंतर त्यांनी कोणाला शब्द दिला नाही. दात स्वतःच्या थुंकीत भिजवून भरायचे, पुन्हा शाईत टाकायचे. चार दाढा असल्या तर चार खेपा घालायला लावायचे, त्यासाठी मुकादमाशी भांडायचे. पोटभर हसताना मात्र मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. गेल्या पावसाळ्यात झटका आला आणि डॉक्टर गेले. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

परवा एक बाई आली. पदर गालाला लावलेला, बाहेर टोळीची गाडी उभी. "दात भरणारे डॉक्टर हितंच होते ना?"

वारले, म्हणून सांगितलं. ती चुकचुकली, गाडीकडं एकदा बघून घेतलं.

"मग काढणारे कुठं बसतात?"

एवढी तोंडाळ मी, पण स्टँडच्या मागं, दुसरी गल्ली, एवढंच सांगितलं.