विंझरच्या दोन खोल्या आणि माझा मत्सर

संस्था मी काढली, हे मी येईल त्या पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. खोटं नव्हतं ते. वेल्हे तालुक्यात उपकेंद्रांवर नर्स म्हणून बावीस वर्षं काढल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालून संस्था नोंदवली आणि विंझरमध्ये रस्त्यालगतच्या एका घराच्या दोन खोल्या मिळवल्या. डोक्यात होतं ते साधं होतं. पासलीच्या पुढच्या वाड्यांवर पावसाळ्यात गाडी वेळेवर पोचत नाही. तेव्हा तिथल्या गरोदर बायकांनी दिवस भरायच्या पंधरा-वीस दिवस आधीच खाली येऊन राहायचं, नीट जेवायचं, तपासून घ्यायचं, आणि कळा सुरू झाल्या की तासभर डोली नाचवत डोंगर उतरायची वेळ येऊ द्यायची नाही.

पहिले दोन महिने खाटा रिकाम्या राहिल्या. मी वाड्यावाड्यांवर जाऊन सांगून आले. बायका माना डोलवायच्या आणि यायच्या नाहीत. एक सासू तर तोंडावर म्हणाली, "पंधरा दिस तिकडं बसून ऱ्हायली तर हितं गुरांचं कुणी बघायचं, तुमी?"

मग मी स्वयंपाकाला एक बाई ठेवली. वरच्याच एका वाडीतली, चाळिशीच्या अलीकडची, जेमतेम चौथी शिकलेली. मी तिला अगं-तुगं करायचे, ती मला शिस्टर म्हणायची. आठवड्याभरात ती म्हणाली, "शिस्टर, पुढच्या टायमाला मलाबी न्या संगं."

नेलं. मी अंगणात उभी राहून रक्त कमी असण्याबद्दल बोलत होते, तेव्हा ही आत चुलीपाशी जाऊन घरच्या बाईबरोबर नाचणी निवडत बसली. काय बोलली देवाला ठाऊक. चार दिवसांनी तीन पोटुशा बायका पिशव्या घेऊन दारात उतरल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे बघत विचारलं, "मावशी हाईत का?"

मला आनंद झाला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाने माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे वर्षभर थांबलं नाही.

माझं टेबल पुढच्या खोलीत होतं, वजनकाटा आणि बीपीचं यंत्र तिथेच. बायका माझ्यासमोर दंड पुढे करून बसायच्या आणि काहीही विचारलं की "बरं हाय" म्हणायच्या. मग उठून मागे स्वयंपाकघरात जायच्या आणि तिथून हसणं ऐकू यायचं. मी काही निमित्त काढून आत गेले की हसणं थांबायचं, पदर सावरले जायचे, कुणीतरी मला पाट द्यायचं. तो पाट मला नको असायचा. त्यांनी बोलणं चालू ठेवावं एवढंच हवं असायचं.

एकदा एकीचं कार्ड भरताना मी विचारलं, आधी कधी गर्भ पडला होता का? ती नाही म्हणाली. संध्याकाळी मावशी हात पुसत आली. "शिस्टर, तिचं पहिलं चौथ्या महिन्यात पडलंय. लिवून घ्या." मी लिहून घेतलं. पेन इतकं दाबलं की अक्षरं मागच्या बाजूला उमटली. बावीस वर्षांत मी किती बाळंतपणं केली होती, आणि बायका पोटातलं सांगणार होत्या ते भाकऱ्या थापणारीला.

मग पुण्याहून एका महिला मंडळाच्या बायका आल्या. खाटा आणि गाद्या त्यांनीच दिल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने खाटेवरच्या मुलीला कौतुकाने विचारलं, "हे सगळं कुणी गं सुरू केलं?"

ती मुलगी वीस-एकवीसची, हिर्डोशीकडून आलेली, पहिलटकरीण. तिने सरळ स्वयंपाकघराकडे बोट केलं. "मावशीनं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पाहुण्यांना मावशीबरोबर फोटो काढायचा होता, तो काढायला त्यांनी मोबाईल माझ्याच हातात दिला.

त्याच आठवड्यात मी मावशीला आंबवड्याला पाठवलं. भोरकडच्या बायकांना विंझर लांब पडतं म्हणून आंबवड्यात दुसरं घर उघडायचं आमचं चाललंच होतं. तिथली चूल मांडून द्यायला आपल्यातलं कुणीतरी हवं, असं मी कार्यकारिणीत ठरवून घेतलं. कारण खरं होतं, फक्त घाई माझी होती. ते घर उघडायला अजून महिना होता. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कपडे बांधायला गेली. जाताना हिर्डोशीच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मी ते खिडकीतून पाहिलं आणि मला तेही आवडलं नाही.

स्वयंपाकाला मी गावातली दुसरी बाई लावली. घर एकदम शांत झालं. मी मुद्दाम मुलींमध्ये जाऊन बसायचे, त्या मोबाईलमध्ये बघत राहायच्या.

सहाव्या दिवशी सकाळी मी हिर्डोशीच्या मुलीला चहा दिला. तिने कप बशीत ठेवला, पण तो बशीत नव्हता, बाजूला हवेत होता. चहा पायावर सांडला. तिने चटका बसल्यासारखं काही केलं नाही. तोंड सुजलेलं होतं.

"डोकं दुखतंय?"

"बरं हाय."

"खरं सांग."

"परवापास्नं दुखतंया. आन् दोन-दोन दिसतंय." मग घाबरून म्हणाली, "मावशी आल्यावर सांगणार हुते."

मंगळवारी तिचं बीपी ठीक होतं, पुढचं मी शुक्रवारी घेणार होते. तो गुरुवार होता. यंत्रावर बीपी भलतंच चढलेलं दिसलं. अशात झटके येतात आणि आई-बाळ दोन्ही जाऊ शकतात, हे मला इतरांना शिकवायचा सराव होता. मी १०८ला फोन केला. गाडी आली. पण पुण्याला न्यायचं म्हटल्यावर ती मुलगी खाटेचा गज धरून बसली. पुण्याला नेतात ते मरायलाच, अशी तिची समजूत.

"मावशी आल्याबिगर म्या कुठं जायची न्हाई."

मी समजावलं, ओरडले, शेवटी हात जोडले. चालक दारात उभा होता. मग मी आंबवड्याला फोन लावला.

सगळं ऐकून मावशी एवढंच म्हणाली, "फोन तिच्या कानाला लावा, शिस्टर."

मी स्पीकर चालू केला.

"शिस्टर हाईत ना तुझ्यासंगं?" मावशीचा आवाज आला. "मग मी कशाला पायजे गं? माझं बाळ डोलीत गेलं. फेफरं येत हुतं मला, आन् संगं चार गडी. एकाला कळत नव्हतं काय करायचं. तवा अशी शिस्टर असती तर म्या तिचा हात सोडला नसता. जा. हात धर तिचा."

मुलीने गज सोडला आणि माझा हात धरला.

मावशीचं बाळ गेलं होतं हे मला तेव्हा कळलं. वर्षभर एका छताखाली राहून मी तिला कधी विचारलं नव्हतं.

वाटेत नसरापूरच्या दवाखान्यात झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, तिथून पुण्याला. दुपारी सिझेरियन झालं. मुलगी झाली, जेमतेम पावणेदोन किलोची. बारा दिवस काचेच्या पेटीत राहिली. दोघी जगल्या.

त्यानंतर मी एसटीने आंबवड्याला गेले. मावशी नव्या चुलीला पोतेरं देत होती. मी उभ्या-उभ्याच म्हणाले, "तुला इथं मी मुद्दाम पाठवलं होतं. मला बघवत नव्हतं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"मग काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? घर तुमी उघडलं म्हणून त्या पोरी खाली येतात. माझ्या येळंला हे घर असतं तर..." तिने पोतेऱ्याचा बोळा पुन्हा बुडवला. "आन् खरं सांगू का, मलाबी तुमचा राग यायचा. तुमी एका नजरंत वळखता कुणाला काय झालंय. म्या नुसती ऐकून घेती. ऐकून कुणी वाचत न्हाई."

मी तिला परत विंझरला चल म्हणाले. ती नाही म्हणाली. आंबवड्यात तोवर दोघीजणी चौकशी करून गेल्या होत्या, आणि जिथून तिची डोली उतरली होती त्या डोंगराकडे तिला परत जायचंही नव्हतं. परत येताना एसटीत मला जे वाटलं ती सुटका होती. त्या सुटकेची लाज वाटेतलं कापूरहोळ येईपर्यंतच पुरली.

पुढच्या बैठकीत मी तिचं नाव कार्यकारिणीत घातलं. विंझरला आता मी रोज बीपी घेते, कुणाचंही, कसंही असो. टेबल पुढच्या खोलीतून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलंय. दुपारी बायकांबरोबर भाजी निवडायला बसते. सुरुवातीला त्या गप्प बसायच्या. आता अधूनमधून बोलतात, माझ्यादेखत सासूला नावंही ठेवतात. मावशीशी बोलायच्या तशा मात्र नाही.

रविवारी मी आंबवड्याला फोन करते आणि विचारते, किती जणी आहेत. परवा ती म्हणाली, आठ. आमच्याकडे पाच होत्या. "छान," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मेथीची पानं खुडत राहिले.